देवीच्या पाठचं युरेनियम

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या गावी विहीर खणताना खाली काय लागतं?"

मी वेंगुर्ल्याकडची. शाळेत नोकरी लागली म्हणून अलिबागच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या त्या गावात नुकतीच उतरले होते. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात ट्रंक. भाडं किती, पाणी कुठून आणायचं, रात्री फाटक कधी लागतं, असले प्रश्न मी पाठ करून आले होते. विहिरीचं काहीच पाठ नव्हतं. मी आपलं खरं ते सांगितलं, "वर जांभा. त्याच्याखाली पांढरट, चकचकीत दगड. पहारीला दाद देत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मग आत वळून ते म्हणाले, "अक्का, खोली दिली गं." आणि मला म्हणाले, "सुट्टीत घरी जाल तेव्हा येताना त्या दगडाचा तुकडा आणा. भाड्याचं नंतर बघू."

गाव त्यांना मास्तर म्हणायचं. खरं तर ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि वरिष्ठांशी भांडून नोकरी सोडून वडिलांच्या घरी येऊन राहिले होते. लग्न केलेलं नव्हतं. घर सांभाळायला थोरली बहीण, अक्का. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि त्यामुळे कोणालाही न घाबरणारी. भाऊ कॉलेजात शिकवून आला काय आणि नारळावर चढून आला काय, तिच्या लेखी सारखंच.

बूड टेकणं हा प्रकार मास्तरांना ठाऊक नव्हता. जेवायचे ते ताट हातात घेऊन, मागच्या दाराच्या चौकटीला टेकून. चार घास झाले की ताटासकट परसात. अक्का वाढायला मागे मागे. वर्तमानपत्र फेऱ्या मारत वाचायचे आणि वळताना वाचत असलेली ओळ हरवली की छापणाऱ्याला शिव्या द्यायचे. खाट आज पडवीत, उद्या माजघरात, परवा नारळीखाली. मी शाळेतून आले की आधी घर कसं लावलंय ते बघूनच आत पाऊल टाकायची, कारण एकदा कपाटच उंबऱ्यात भेटलं होतं. अक्का म्हणायची, "लोकांच्या पायाला भिंगरी असते. ह्याच्या बुडाखाली निखारा ठेवलाय कोणीतरी."

निखारा कसला होता ते मला हळूहळू कळलं. आपण कशावर उभे आहोत हे माहीत नसणं त्यांना सहन व्हायचं नाही. इथपासून पार नागपूरपर्यंत काळा कातळ, ते सांगायचे, कधीकाळी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा आला. थरावर थर. या सगळ्याच्या खाली त्याच्याही आधीची जमीन आहे, तिच्यावरून वारे वाहिले असतील, नद्या गेल्या असतील, आणि ती पुरती झाकली गेली. "दुसऱ्याच्या घरावर माडी चढवून राहतोय आपण," ते म्हणायचे, "आणि खाली कोण आहे ते एकानेही विचारलेलं नाही." माझ्या गावाकडे हा काळा थर संपतो आणि ती जुनी जमीन उघडी पडते, म्हणून मला खोली मिळाली होती. मी आणून दिलेला दगड त्यांनी गालाला लावून पाहिला. "हा तुमच्याकडे रस्त्यावर लोळतो," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हेवा होता.

कॉलेजातलं भांडणही त्याचंच. किनाऱ्यावर कुठेतरी एक खोल छिद्र पाडा, तळाचा दगड वर काढा, असा त्यांचा आग्रह. वरिष्ठांनी विचारलं, उपयोग काय? मास्तरांनी त्या शब्दावर राजीनामा दिला. मग परसात स्वतःच पहार घेऊन खड्डा सुरू केला. माती संपली, मुरूम संपला, काळा कातळ लागला आणि पहार वाकली. त्या खड्ड्यात पुढे शेजाऱ्यांची शेळी पडली, एकदा पोस्टमन पडला. अक्काने त्यात केळीची खुंटं लावली तेव्हा दोघांत बरेच दिवस अबोला होता.

ते दिवस स्वराज्य नवं असतानाचे. बिहारच्या डोंगरांत युरेनियम सापडल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं, सरकार देशभर असली खनिजं शोधतंय असंही आलं होतं. मास्तरांनी ती बातमी वाचली आणि चक्क जागच्या जागी उभे राहिले. इतकी वर्षं लोक ज्याला उपयोग म्हणत होते तो आयता चालून आला होता. खाली युरेनियम आहे अशी नुसती शंका आली तरी सरकार यंत्र आणून भोक पाडेल. "आणि नसलं तर?" मी विचारलं. "नसलं तर सरकारचं नुकसान," ते म्हणाले. "युरेनियम सरकारला, खड्डा मला."

मुंबईला सरकारी खात्यात असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना किरणोत्सर्ग मोजायचं, वापरून झिजलेलं एक गणकयंत्र आणून दिलं. डब्याएवढी पेटी, तिला वायरने जोडलेली एक नळी. नळी दगडाजवळ नेली की पेटी टिकटिक करायची. साध्या दगडाला थांबत थांबत, पाल चुकचुकावी तशी. खनिज असेल तर टिकटिक भराभर वाढते, असं ते म्हणाले. पहिला प्रयोग त्यांनी शाळेच्या मैदानात केला आणि यंत्र तडतडायला लागलं. मुलं नाचायला लागली. मास्तर शांतपणे आमच्या हेडमास्तरांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घड्याळ काढा." हेडमास्तरांच्या मनगटावर अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ होतं. त्या रंगात रेडियम असतं, आणि यंत्राला दगड काय नि घड्याळ काय. ते घड्याळ विहिरीच्या काठावर ठेवायला लावून मास्तरांनी सगळ्या शाळेपुढे हेडमास्तरांना असा धडा दिला की पुढे वर्षभर त्यांनी मास्तरांशी बोलणं टाळलं. मास्तरांचं स्वतःचं घड्याळ तसलंच होतं. यंत्र बाहेर काढलं की ते अक्काच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे जायचं.

मग सुरू झाली वणवण. थळच्या वाळूतले काळे पट्टे बघून झाले, खाड्यांचे काठ झाले, डोंगरातल्या कपारी झाल्या. मास्तर सकाळी बाहेर पडायचे ते उन्हं कलल्यावर यायचे. कोळीवाड्यातली माणसं वाटेत विचारायची, "मास्तर, गावला का?" आणि ते मान हलवून पुढे. लोक दगड आणून द्यायचे, नांगरात लागलेले, जाळ्यात आलेले, एकाने तर आजोबांच्या मुतखड्याचं विचारलं. सगळीकडे तीच थांबत थांबत टिकटिक. ते वाळत चालले होते आणि मला त्यांची काळजी वाटायची. तोंडावर बोलायची सोय नव्हती.

एकच जागा राहिली होती, देवीची राई.

गावाच्या मागे, टेकडीच्या पोटाशी ती राई होती. दिवसाही आत काळोख. तिथलं झाड तोडायचं नाही, पडलेली काटकी उचलायची नाही, मातीला लोखंड लावायचं नाही, चामडं आत न्यायचं नाही. मध्ये शेंदूर लावलेली देवीची शिळा आणि जवळच कोमट पाण्याचा झरा. मास्तरांचा जीव त्या झऱ्यात अडकला होता. ऊन पाणी म्हणजे ते खोलवरून, भेगेतून येतं, खालच्या जमिनीची बातमी घेऊन येतं. पण गुरवाच्या परवानगीशिवाय आत यंत्र नेणं शक्य नव्हतं.

गुरव म्हातारा आणि कायद्याचा पक्का. त्याने पेटी हलवून पाहिली, कानाशी धरली. "वाजतंय म्हनजे वाद्यच झालं," तो म्हणाला. "वाद्याला देवीची ना न्हाय. पन ह्यो पट्टा चामड्याचा हाय, ह्यो चालनार न्हाय." अक्काने आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून पट्टा करून दिला. जांभळ्या काठाला टांगलेलं ते यंत्र गळ्यात घालून मास्तर अनवाणी राईत शिरले. गुरव पुढे, मी आणि अक्का मागे.

झऱ्यापाशी टिकटिक जरा वाढली. मास्तर श्वास रोखून शिळेकडे सरकले. वळसा घालून पाठीमागे गेले आणि पेटी कढईत मोहरी तडतडावी तशी तडतडायला लागली. थांबेचना. त्यांनी नळी उचलली, पुन्हा खाली नेली. पुन्हा तेच. मग मास्तर खाली बसले. मांडी घालून, पाचोळ्यात, चांगले निवांत बसले. अक्काने माझा हात घट्ट धरला. "बसला गं," ती हळूच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्यांनी मुंबईला कळवलं. विद्यार्थ्याचं उत्तर आलं, आम्ही येऊन पाहतो, खात्री पटली तर छिद्रण यंत्र पाठवता येईल, मात्र यंत्राची गाडी आत जायला वाट करावी लागेल. वाट म्हणजे झाडं तोडणं. मास्तरांना वाटलं आता गाव अंगावर येणार. झालं उलटंच. खाण होणार, रस्ता होणार, वीज येणार, मुंबईच्या गिरण्यांत खपणारी पोरं घरी येणार, असं गावाचं स्वप्न एका आठवड्यात उभं राहिलं. कोण मुकादम होणार यावरून दोन भाऊ भांडलेसुद्धा. तरी राई देवीची, तेव्हा कौल लावायचा ठरलं. गुरवाने शिळेवर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मास्तर माझ्या कानाशी पुटपुटले, "गुरुत्वाकर्षणाला विचारतायत." पण मी पाहिलं, त्यांची नजर उजव्या कळीवरून हलत नव्हती.

उजवी पडली. गावाने गूळ वाटला.

गूळ न घेतलेलं एकच माणूस होतं. हिरा. कोळीवाड्यातली, आमच्याकडे मासळी टाकणारी. तिचं आणि मास्तरांचं रोजचं भांडण ठरलेलं. ते मांदेलीला नावं ठेवायचे, ती त्यांच्या दगडांना. कौलानंतर ती यायचीच बंद झाली. मग एका रविवारी सकाळी मागच्या दारी आली. पाटी डोक्यावरून उतरवली नाही.

"मास्तर, देवीच्या पाठी नका खनू," ती म्हणाली. "बाकी सगली राय तुमची. थितंच तेवढं नको."

"तिथेच तर आहे," मास्तर म्हणाले. "का नको?"

"मना सांगता येत न्हाय."

"कौल मिळालाय, हिरा. तुझ्याच देवीने दिलाय."

"देवीनं दिलाय, व्हय. पन थितं माजं कायतरी हाय. मी कोनाला बोलले न्हाय, बोलनार न्हाय. येवढंच सांगाला आले."

अक्का पुढे झाली, "नवस का गं?" हिराने तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिकडच्या कोळणींत रीत आहे, राईतला नवस फेडताना जे पुरलं ते कधी सांगायचं नाही आणि कधी वर काढायचं नाही. बोललं किंवा वर आलं, की देवीला दिलेलं परत घेतलं असं होतं, आणि ज्याच्यासाठी नवस केला त्याच्यावर ते उलटतं. तिचा नवरा होडी घेऊन समुद्रावर गेलेला होता.

मास्तर एकदम थांबले. ताट हातात होतं ते त्यांनी खाली ठेवलं. "तुझा नवरा होडी घ्यायच्या आधी मुंबईला गोदीत होता ना? लढाईतली जहाजं फोडायला?"

"व्हता."

"जे पुरलंयस ते अंधारात चमकतं का गं?"

हिरा पाटी सावरून जायला वळली. मास्तर म्हणाले, "बरं. तू काही बोलली नाहीस. मी काही विचारलं नाही. जा." ती गेली तशी ते चौकटीला टेकून उभे राहिले आणि बराच वेळ हलले नाहीत.

"होकायंत्र असणार," शेवटी ते आम्हा दोघींना म्हणाले. "लढाईतल्या बोटींवर असायचं, रेडियमची तबकडी असलेलं. मागे मोठं तुफान झालं, त्यातून नवरा परत आला तेव्हा वाट दाखवणारी वस्तूच तिने देवीला देऊन टाकली. आणि मी हेडमास्तरांना घड्याळावरून बोललो होतो."

मी म्हटलं, "मग कळवून टाका खरं ते."

"खरं कळवलं तर खात्री करायला पहिली कुदळ तिथेच पडेल."

"आणि गप्प बसलास तर?" अक्काने विचारलं.

ते चपला शोधायला लागले. गप्प बसले असते तर त्यांचा खड्डा झाला असता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. गाव तयार होतं, देवीने कौल दिला होता, मुंबईची माणसं निघणार होती. शिळेपासून चार पावलं बाजूला यंत्र लावा, इतकंच सांगितलं असतं तरी हिराचा नवसही राहिला असता आणि तळाचा दगडही मिळाला असता. फक्त राई गेली असती, आणि सगळं एका खोट्या तडतडीवर उभं राहिलं असतं. ते दिवसभर किनाऱ्यावर चालत होते. संध्याकाळी आले, न जेवता खाट उचलली, पडवीतून माजघरात नेली, पुन्हा पडवीत आणली.

साहेब लोक यायच्या दिवशी मास्तर रेवसच्या धक्क्यावर निघाले. काही खाल्लेलं नव्हतं म्हणून अक्काने मला डबा देऊन बरोबर पाठवलं. निघताना ती आत गेली, मिठाच्या बरणीमागचं घड्याळ काढलं, चावी दिली आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी काय ठरवलंय हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने ते मनगटावर बांधलं.

लाँचमधून विद्यार्थी उतरला, बरोबर दोन सहकारी आणि नवी कोरी यंत्रं. तो मास्तरांच्या पाया पडायला वाकला, तर मास्तरांनी हात पुढे केला. "हे बघ," ते म्हणाले. "हे घालून मोजलं मी. परवा लक्षात आलं. काढून मोजलं तर काही नाही."

विद्यार्थ्याचा चेहरा बघवत नव्हता. "सर, पहिल्याच तासाला तुम्ही आमची घड्याळं काढून टेबलावर ठेवायला लावली होती."

"हो. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं."

मागचे दोघे दुसरीकडे तोंड करून हसले. विद्यार्थी हसला नाही. तरी येऊन एकदा पाहून जातो, असं तो दोनतीनदा म्हणाला. मास्तर वसकन् म्हणाले की म्हाताऱ्याच्या चुकीवर सरकारचा आणखी पैसा घालवू नका. त्यांनी जुनं यंत्र जांभळ्या काठासकट त्याच्या हातात दिलं, आणि ती मंडळी त्याच लाँचने परत गेली. मला इतका राग आला होता की डबा मी समुद्रात टाकला असता. मास्तर मात्र तो घेऊन धक्क्यावर उभ्याउभ्याच सगळा जेवले.

गावाने त्यांना क्षमा केली नाही. पोरं रस्त्यात "मास्तर, किती वाजले" म्हणून विचारायची. हेडमास्तरांनी तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती गोष्ट सांगून घेतली. मुकादमकीवरून भांडलेले दोघे भाऊ मास्तरांना शिव्या घालण्यासाठी एक झाले. गुरव म्हणाला, "देवीनं दिला, तुमी घालवला." मास्तर सगळं ऐकून घ्यायचे. हिरा पुन्हा मासळी घेऊन यायला लागली आणि ते पुन्हा मांदेलीला नावं ठेवायला लागले, जरा जास्तच.

काही वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दुपारी मी सामान बांधत होते आणि ते दारात येरझारा घालत होते. एकाएकी म्हणाले, "ते सगळं त्या तबकडीचं नव्हतं."

"काय?"

"झऱ्याच्या तोंडाशीही टिकटिक वाढली होती. आठवतंय? तबकडी शिळेच्या पलीकडे पुरलेली. मध्ये एवढा मोठा दगड. तिचा आवाज तिथपर्यंत यायला नको होता." ते बोलत होते आणि हाताची बोटं दाराच्या कडीशी खेळत होती. "झऱ्यातून काहीतरी वर येतंय. किंवा येत नसेल, माझे कान असतील. तबकडी वर काढून दूर ठेवली असती आणि परत मोजलं असतं, तर अर्ध्या तासात कळलं असतं."

माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. या माणसाला इतकी वर्षं एका जागी का बसवत नव्हतं ते माझ्या लक्षात आलं. राई घरापासून हाकेच्या अंतरावर. एक हातभर माती.

"मग काढली का नाहीत?" मी विचारलं. "कोणाला कळलं असतं? आणि तुमचा कुठे नवसावर विश्वास आहे?"

"माझा नाही," मास्तर म्हणाले. "पण समुद्रावर नवरा तिचा होता. माझं कोणी नव्हतं."